स्वतः उभी केलेली एमजीबी देऊन नवी स्पोर्ट्‌स कार घेताना

सात हिवाळे गॅरेजात खपून मी १९७२ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची उघड्या टपाची दोन सीटांची गाडी, उभी केली. चार उन्हाळे ती मनसोक्त चालवली आणि गेल्या मे महिन्यात ती विकून माझदाची एमएक्स-५ घेतली. मी कॉव्हेंट्रीजवळ राहतो. इथल्या एका मराठी मित्राकडे तशीच एमजीबी आहे आणि त्याच्याही मनात तेच घोळतंय. तो म्हणाला, "तू काय काय केलंस ते सगळं नीट लिहून दे रे, फोनवर सांगितलेलं माझ्या लक्षात राहत नाही." म्हणून हे सविस्तर लिहितोय. कायदे आणि कागद ब्रिटनचे आहेत.

महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. जुनी गाडी देणं आणि नवी घेणं हे दोन वेगळे व्यवहार आहेत. ते एकाच टेबलावर, एकाच माणसाशी करायला गेलात तर बहुतेक वेळा नुकसान तुमचंच.

आधी दुखणं कुठे आहे ते बघा

गाडी का बदलायची आहे, ते एका वाक्यात कागदावर लिहा. माझं वाक्य होतं: बायकोला ही गाडी चालवता येत नाही. ती पुण्यात गाडी शिकली, इथे रोज मोटरवेवरून कामाला जाते, म्हणजे चालवण्यात कच्ची नाही. पण एमजीबीला पॉवर स्टीअरिंग नाही, एबीएस नाही, एअरबॅग नाही. पाऊस पडत असताना दोन लॉरींच्या मध्ये सापडलं की तिच्या पोटात गोळा यायचा. "आपली गाडी म्हणतोस, पण चालवतोस तू एकटाच," असं ती एकदा म्हणाली आणि ते मला लागलं, कारण ते खरं होतं.

तुमचं कारण दुसरं असेल, तर गाडी न विकताही ते सुटतं का ते पाहा. सकाळी गाडी चालू व्हायला कुरकुर करते? इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा आणि दोन्ही एसयू कार्बोरेटर (इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण देणारे) एकसारखे लावून घ्या. पाय भाजतात? इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातली रबरी बुचं आणि उष्णतारोधक थर तपासा. टपातून पाणी येतं? नवा कापडी टप नव्या गाडीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. मोटरवेवर इंजिन किंचाळतं आणि तुमच्या गाडीला ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन संथ फिरवणारा जादा गिअर) नाही? ओव्हरड्राइव्हवाला गिअरबॉक्स बसवता येतो, पाच गिअरचाही बसतो.

काही दुखणी नव्या गाडीतही तशीच राहतात. माझे वडील नाशिकहून आले होते तेव्हा एमजीबीतून उतरताना त्यांना हात द्यावा लागायचा. एमएक्स-५ तेवढीच बुटकी आहे, तिच्यातूनही हात धरूनच उतरवावं लागेल. तिची डिक्की १३० लिटरची आहे, म्हणजे दोन मऊ बॅगा आणि वर एखादं जाकीट. अडचण चढण्या-उतरण्याची किंवा सामानाची असेल, तर कुठलीच रोडस्टर तिचं उत्तर नाही.

निर्णयाआधी हवी ती गाडी दोन दिवस भाड्याने घ्या आणि तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर चालवा. डीलरच्या दारातून मारलेल्या वीस मिनिटांच्या फेरीत प्रत्येक गाडी छानच वाटते.

गाडीची कुंडली तयार करा

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन इथे बनली. रोडस्टर आणि पक्क्या छपराची जीटी धरून पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या आणि त्यांतल्या पुष्कळ अमेरिकेला गेल्या. म्हणजे नुसती 'एमजीबी आहे' म्हणून कुणी जास्तीचे पैसे देत नाही. पैसे मिळतात ते *ही* एमजीबी कशी आहे याचे, आणि ते कागदावर दिसावं लागतं.

पहिला कागद हेरिटेज सर्टिफिकेट. वॉरिकशरमधल्या गेडन इथे ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, तिथे कारखान्याच्या उत्पादनाच्या जुन्या नोंदी जपल्या आहेत. फी भरून अर्ज केला की गाडी कधी बनली, मूळ रंग कुठला, इंजिन नंबर काय आणि गाडी कुठल्या देशासाठी होती, हे सर्टिफिकेटवर लिहून येतं. या शेवटच्या मुद्द्याला फार महत्त्व आहे. अमेरिकेतून परत आणून स्टीअरिंग डावीकडून उजवीकडे घेतलेल्या गाड्या ब्रिटनमध्ये बऱ्याच आहेत. त्या वाईट नसतात, पण ते लपवलं आणि गिऱ्हाइकाने सर्टिफिकेट मागवलं, तर तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो. बंपरचंही तसंच. १९७४ च्या अखेरीपासून अमेरिकी नियमांमुळे क्रोमच्या जागी काळे जाड बंपर आले आणि गाडीची उंचीही वाढवली गेली. क्रोमवाल्या गाडीला मागणी जास्त असल्याने नंतरच्या गाड्यांना क्रोम चढवलेलं सापडतं. तुमची तशी असेल तर जाहिरातीतच लिहा.

दुसरा कागद म्हणजे फोटो, आणि त्यातही सिलचे. एमजीबीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हीच तिची ताकद. दारांखालून जाणारे दोन्ही बाजूंचे सिल हा त्या सांगाड्याचा कणा आहे. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, आणि खाली जाणकार ज्याला 'कॅसल सेक्शन' म्हणतात ती घडी घातलेली पट्टी, अशा थरांनी तो बनतो. तिथे आतून गंज धरतो. घाईतली दुरुस्ती म्हणजे सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चढवून वरून रंग. खरी दुरुस्ती करायची तर पुढच्या मडगार्डचा खालचा भाग कापावा किंवा मडगार्डच काढावं लागतं, कारण सिल त्याच्या मागपर्यंत गेलेला असतो. एकदा वेल्डिंग होऊन रंग चढला की आत काय आहे ते दिसत नाही. म्हणून काम चालू असताना काढलेले फोटो सोन्यासारखे. मी प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले होते, तारखेनिशी एका फाईलमध्ये लावले आणि शेजारी पत्र्यांची बिलं जोडली. माझ्याकडून गाडी घेणाऱ्या गृहस्थांनी अर्धा तास ती फाईल चाळली आणि गाडीकडे दहाच मिनिटं पाहिलं.

फोटो नसतील तर निदान एवढं दाखवता यायला हवं: गाडीचा मागचा भाग जॅकवर उचलल्यावर दार आणि बॉडी यांमधली फट बदलत नाही. सिल कमजोर असला की फट आवळते आणि दार अडकतं. जाणकार गिऱ्हाईक हे करून बघतोच. तो लोहचुंबकही आणतो, पुट्टी भरून सारखी केलेली जागा शोधायला.

बॉडी पूर्ण नवी असेल, तर ती लपवायची गोष्ट नाही. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी १९८८ पासून एमजीबीच्या नव्या बॉडी बनवते आहे. अशा बॉडीवर उभी केलेली गाडी मूळ पत्र्याची नसते, पण गंजाच्या धास्तीतून मोकळी असते. त्यासाठी जास्त मोजणारं गिऱ्हाईक आहे. बिल जपून ठेवा.

विकण्याआधीचं गॅरेजकाम

नव्याने मोठा खर्च करू नका. विकायला काढल्यावर लावलेला रंग वसूल होत नाही, उलट 'कशावर फासलाय?' असा संशय येतो. छोटी कामं मात्र सगळी उरका.

गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर धावताना ५० ते ८० पीएसआयच्या दरम्यान दिसायला हवं. ओव्हरड्राइव्ह लगेच लागतो आणि सुटतो का ते पाहा. स्पोकची चाकं असतील तर गाडी पुढे घेऊन लगेच रिव्हर्स टाका. 'टक्' असा आवाज आला तर हबच्या खाचा झिजल्या आहेत. पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनना ग्रीस भरा. माझ्या सालच्या गाडीत सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्यांच्या खालचा पत्रा अ‍ॅसिडने खाल्लेला आहे का ते तपासा.

टायरची नक्षी शाबूत असली तरी वय बघा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. हौसेच्या गाड्या कमी धावतात, त्यामुळे नक्षी नवी आणि रबर म्हातारं असं हमखास घडतं. माझ्या गाडीचे टायर बारा वर्षांचे निघाले. ते तसेच ठेवून दुसऱ्याच्या हाती गाडी देणं मला पटलं नाही, मी चारही बदलले.

पेट्रोलच्या नळ्याही बघा. सप्टेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं ई-१०. जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडतात, तडकतात आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळू लागतं. नव्या इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घाला आणि बिल फाईलला लावा.

शेवटी एमओटी करून घ्या. ४० वर्षांपेक्षा जुन्या आणि फार फेरफार न केलेल्या गाड्यांना मे २०१८ पासून ही वार्षिक तपासणी सक्तीची नाही. तरीही करा. एमओटीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून कुणालाही पाहता येतो, आणि त्रयस्थ माणसाने गाडीखाली जाऊन दिलेला दाखला तुमच्या दहा वाक्यांपेक्षा वजनदार ठरतो.

भाव ठरवणं

मन घट्ट करायची वेळ इथे येते. हौसेला मोल नाही म्हणतात, ते विकताना दुसऱ्या बाजूने कळतं. गाडीवर केलेला खर्च आणि गाडीची किंमत यांचा एकमेकांशी फार थोडा संबंध असतो. मी मजुरी धरलीच नव्हती, तरी सुट्या भागांची बिलं विक्रीच्या आकड्याच्या वर गेली होती. दोन रात्री नीट झोप लागली नाही. मग मी ती बिलं सात वर्षांच्या शिकण्याच्या खात्यावर टाकली.

भाव काढताना जाहिरातींतले आकडे बघू नका, ती मागणी असते. लिलाव कंपन्या प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या गाड्यांचे आकडे प्रसिद्ध करतात, ते पाहा. तिथे घेणाराही वर कमिशन देतो आणि विकणाऱ्याकडूनही कापलं जातं, हे ध्यानात ठेवा. विमा कंपनीशी ठरवलेली 'मान्य किंमत' म्हणजे बाजारभाव नव्हे. ऋतूही पाहा. मार्चअखेरीपासून जूनपर्यंत उघडी गाडी घ्यायला लोक उत्सुक असतात. नोव्हेंबरात तीच गाडी, तोच रंग, आणि फोन वाजत नाही.

कुठे विकायची

मी आधी सोपा मार्ग धरला. नव्या गाडीच्या डीलरकडे एमजीबी घेऊन गेलो, बदल्यात घेता का विचारायला. तिथल्या माणसाने गाडीभोवती एक फेरी मारली, संगणकात नंबर टाकला आणि जो आकडा सांगितला त्यात माझ्या रंगकामाचाही खर्च निघत नव्हता. फाईल त्याने उघडली नाही. घरी येईपर्यंत मी रागात होतो, पण विचार केल्यावर त्याची बाजू कळली. पन्नास वर्षांची गाडी त्याला अंगणात उभी करून विकायची नसते. ती तो दुसऱ्या आठवड्यात लिलावाला पाठवणार, म्हणून तिथला कमीत कमी भाव धरून त्यातून आपला खर्च वजा करणार. ज्या गोष्टींनी तुमची गाडी वेगळी ठरते, त्यांची किंमत त्याच्या हिशेबात शून्य असते.

दुसरी गोम फरकाच्या आकड्यात आहे. समजा नवी गाडी १८,००० पौंडांची. डीलर तुमच्या गाडीचे ८,००० देतो, वर तुम्ही १०,००० भरायचे. आता हाच डीलर, बदली गाडी नसेल तर, १७,००० ला तयार होतो असं धरा. आणि तुमची गाडी बाहेर ११,५०० ला जाते. मग खिशातून जातात ५,५००. आकडे समजावण्यापुरते आहेत, पण रीत हीच. म्हणून डीलरला पहिला प्रश्न हा विचारा: "माझ्याकडे द्यायला गाडी नाही, शेवटचा भाव काय?" तो आकडा लिहून घ्या. हवं असेल तर त्यानंतर जुन्या गाडीचा विषय काढा.

बदल्यात देणं कधीच करू नये असं नाही. आजारपण असेल, घर बदलायचं असेल, गाडी ठेवायला जागा नसेल, किंवा फरक हजारभर पौंडांचाच असेल तर सरळ देऊन टाका. जुन्या गाड्यांचाच धंदा करणारे व्यापारी मधला मार्ग देतात. ते गाडी आपल्या जागेत ठेवतात आणि विकल्यावर कमिशन कापून पैसे देतात. त्यांच्याशी लेखी करार करा: गाडी त्यांच्याकडे असताना विमा कुणाचा, पैसे किती दिवसांत, आणि गाडी परत न्यायची झाल्यास खर्च काय.

मी शेवटी स्वतःच विकली, एमजी मालकांच्या क्लबमधल्या ओळखीतून. तिथे सिल म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. स्वतःच्या मोटारीच्या विक्रीवर ब्रिटनमध्ये भांडवली नफा कर लागत नाही, त्यामुळे नफा झालाच तरी ती काळजी नको.

नवी कुठली घ्यायची

एमजीबीतून येणाऱ्याला हॉर्सपॉवरची भूक असते असं डीलर गृहीत धरतात. एमजीबीचं १७९८ सीसी इंजिन ९५ हॉर्सपॉवरच्या आसपासचं, आणि शून्यापासून साठ मैलांचा वेग गाठायला तिला बारा सेकंद लागतात. आपण वर्षानुवर्षं त्यात खूश होतो, कारण मजा वेगाची नव्हती. हातात रस्ता जाणवतो, गिअर मनगटाने पडतो, चाळीस मैलांवरही गाडी धावतेय असं वाटतं, ही मजा. ती नव्या गाडीत शोधा.

एमएक्स-५ १९८९ मध्ये आली तीच साठच्या दशकातल्या ब्रिटिश रोडस्टर, विशेषतः लोटस एलान, डोळ्यांसमोर ठेवून. २०१५ पासूनची चौथी पिढी वजनाला सुमारे एक टन, म्हणजे एमजीबीच्या जवळची. दीड लिटर आणि दोन लिटर अशी दोन इंजिनं मिळतात. २०१८ नंतर दोन लिटरचं १८४ पीएसचं (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) झालं. मी दोन्ही चालवून दीड लिटरचं घेतलं, कारण ते वरच्या आरपीएमपर्यंत पिळता येतं आणि तरी लायसन्स शाबूत राहतं. टप बसल्या जागेवरून एका हाताने मागे टाकता येतो. एमजीबीच्या टपाशी कुस्ती खेळलेल्या माणसालाच त्याची खरी किंमत कळते.

या गाड्याही गंजतात, हे विसरू नका. आधीच्या पिढ्यांत मागच्या चाकांवरचा पत्रा आणि सिल जातात. इंग्लंडच्या मिठाच्या रस्त्यांवर नव्या पिढीचाही तळ तपकिरी होऊ लागतो. लिफ्टवर चढवून खालून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

पोर्श बॉक्स्टर अधिक दणकट आणि अधिक मोठ्या खर्चाची. १९९६ ते साधारण २००८ पर्यंतच्या इंजिनांत आयएमएस नावाची बेअरिंग निकामी होऊन अख्खं इंजिन जाऊ शकतं. ती बदलल्याचं बिल आहे का, ते विचारा. २००९ पासूनच्या नव्या इंजिनाच्या गाड्यांना ही चिंता नाही. कोरी घेणार असाल तर ४०,००० पौंडांवरच्या पेट्रोल गाडीला दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षं जादा रस्ता कर बसतो, तो हिशेबात धरा. एमजीबीला रस्ता कर शून्य होता, विमा नाममात्र होता आणि किंमत जवळपास स्थिर होती. नवी गाडी दारात उभी राहूनही किंमत गमावते. म्हणून मी तीन-चार वर्षं वापरलेली घ्या असंच सांगेन.

घेताना इंजिन थंड असताना जा. एमओटीचा इतिहास आणि थकीत कर्ज तपासा. चारही टायर एकाच कंपनीचे आहेत का पाहा, स्वस्तातले मिसळीचे टायर मालकाचा स्वभाव सांगतात. डीलरकडून घेतल्यास २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार दोष निघाला तर पहिल्या ३० दिवसांत गाडी परत करून पूर्ण पैसे मागता येतात. खासगी माणसाकडून घेतल्यास हा हक्क नाही.

गिऱ्हाईक दारात आल्यावर

जाहिरातीत दोष आधी लिहा. माझ्या जाहिरातीची तिसरी ओळ होती: 'डाव्या दाराच्या खालच्या कडेला रंगाला फुगा आला आहे, फोटो जोडला आहे.' जे आले ते हे जाणून आले, त्यामुळे घासाघीस त्यावर झाली नाही. खासगी विक्रीतही चुकीचं वर्णन करणं कायद्याने अंगाशी येतं.

गाडी आधी गरम करून ठेवू नका. चोक ओढून थंड इंजिन पहिल्यांदा कसं चालू होतं, ते त्यांना बघू द्या. फेरीला आधी तुम्ही चालवा. ते चालवणार असतील तर त्यांच्या विम्याचा कागद डोळ्यांनी पाहा. इसार घेतला तर पावतीवर लिहा, किती दिवसांसाठी आणि परत मिळणार की नाही.

पैसे बँकेतून बँकेत, तुमच्यासमोर. त्यांच्या फोनवर 'पाठवले' दिसणं पुरेसं नाही, तुमच्या खात्यात दिसल्यावरच किल्ली द्या. लॉगबुक, म्हणजे व्ही-फाइव्ह-सी, अख्खं देऊ नका. नव्या मालकासाठीची हिरवी पट्टी फाडून द्या आणि तिथेच बसून डीव्हीएलए या वाहन नोंदणीच्या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर मालक बदलल्याची नोंद करा. जुन्या गाडीचा कर शून्य असला तरी तो नव्या मालकाच्या नावावर हस्तांतरित होत नाही. त्यांनी शून्य रकमेचा कर नव्याने भरल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही. हौसेचा नंबर स्वतःकडे ठेवायचा असेल तर ते विक्रीच्या आधीच करा, नंतर तो गाडीबरोबर गेला.

कुणी त्यांची नवी गाडी देऊन तुमची जुनी घ्यायला तयार असेल, तर अशा अदलाबदलीतही दोन स्वतंत्र पावत्या करा, दोन्हींवर रकमा लिहा, आणि दोन्ही गाड्यांची मालकी त्याच दिवशी नोंदवा.

मग एक तास राखून ठेवा. माझी गाडी घेणारे गृहस्थ साठीचे होते, तरुणपणी त्यांच्याकडे एमजी होती, पण मधली तीस वर्षं हातात चोक आला नव्हता. वडिलांच्या पद्मिनीचा चोक किती ओढायचा ते मी नाशिकच्या अंगणात शिकलो होतो. तसंच त्यांना शेजारी उभं राहून दाखवलं: पूर्ण ओढा, चालू झाल्यावर अर्ध्यावर आणा, पहिल्या मैलात आत ढकला. किल्ली फिरवल्यावर मागून टिकटिक येते तो पेट्रोलचा पंप आहे, ती थांबली की सेल्फ मारा. स्पोकच्या चाकांच्या नटांचे आटे दोन्ही बाजूंना उलट दिशेचे असतात, म्हणून ठोकण्याआधी त्यावरचा बाण वाचा. तांब्याचा हातोडा डिक्कीत ठेवला, ग्रीसची गन दिली, उरलेला अर्धा डबा रंग दिला. फाईल शेवटी दिली.

एमएक्स-५ त्याच शनिवारी आली. पहिल्या आठवड्यात तिचा तळ धुऊन, वाळवून त्यावर गंजरोधक मेण मारून घेतलं, कारण ऑक्टोबरात रस्त्यावर मीठ पडायला लागतं. किल्ली बायकोकडे आहे.